बर्कच्या वाक्याचा माग: मधली फट पुन्हा उघडली

गेल्या नोंदीत पिवळ्या रंगात, म्हणजे अजून न पडताळलेला म्हणून, टाकलेला दुवा बाद. ‘वाईटाचा विजय व्हायला चांगल्यांनी काहीच न करणं पुरेसं असतं’ हे अठराव्या शतकातल्या ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कच्या नावावरचं वाक्य १८९०च्या आसपासच्या एका मासिकात दिसत होतं. पण जिथे ते सापडलं ते ग्रंथशोधाचं संकेतस्थळ मासिकाच्या प्रत्येक खंडाला पहिल्या अंकाचं साल चिकटवतं. त्याच खंडात १९२३, १९२४ हे आकडे शोधले, तर तेही निघतात. अर्धवट पान दाखवणाऱ्या निकालावरून साल लिहायचंच नाही. आधी शीर्षकपान, मग पानाच्या माथ्यावरची तारीख आणि तीही नसली तर आकड्यांचा हा उलटा शोध.

म्हणजे या वाक्याच्या प्रवासाची शिडी पुन्हा जुनीच. १७७० साली बर्क लिहितो की दुर्जन एकत्र आले तर सज्जनांनीही एकत्र यावं, नाहीतर ते एकेक करून पडतील. १८६७च्या सेंट अँड्र्यूजच्या भाषणात तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल म्हणतो, सज्जनांनी नुसतं बघत बसावं, दुर्जनांना आणखी काही लागत नाही. १९१६ला रेव्हरंड चार्ल्स एकेड ‘असं म्हटलं गेलंय’ म्हणून आजच्या वाक्याच्या अगदी जवळ येतो, १९२०ला मरे हिस्लॉप त्यावर बर्कचं नाव लावतो आणि १९६१ला अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी ते जगभर पोचवतो. माझ्या शिडीत १८६७ ते १९१६ कोरं.

अख्खं वाक्य अवतरणचिन्हांत घालून ही फट भरणार नाही, कारण तोवर शब्दच ठरलेले नाहीत. ‘गुड मेन’ आणि ‘डू नथिंग’ हे तुकडे दहा शब्दांच्या अंतरात शोधावेत. वर्तमानपत्रांत ‘नथिंग’ ओळीअखेर तुटतो आणि छापील पान वाचणारं यंत्र शेजारचा स्तंभ त्यात मिसळतं, म्हणून नुसतं ‘नथ’ घालूनही एक फेरी हवी. खुद्द बर्क तपासताना अठराव्या शतकातल्या छपाईतला लांब ‘एस’ (‘एफ’सारखा दिसणारा) यंत्र ‘एफ’ वाचतं. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातली समग्र आवृत्ती घ्यावी, डोकं शांत राहतं. अवतरणकोशांवर मात्र विसंबू नये: बार्टलेट या प्रसिद्ध अवतरणकोशाच्या १९६८च्या आवृत्तीने हे वाक्य बर्कच्या १७९५च्या एका पत्रात असल्याचं छापलं होतं. त्या पत्रात ते नाही.

मध्येच एक हिरवं, म्हणजे पडताळलेलं, कार्ड! लोकशाही ही सर्वांत वाईट राज्यपद्धती, बाकीच्या सोडून, हे चर्चिलचं वाक्य हॅन्सार्डमध्ये (ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या छापील नोंदीत) ११ नोव्हेंबर १९४७ला मिळतं आणि तिथेही ‘असं म्हटलं गेलंय’ शाबूत आहे. फलकांवर नेमकं तेवढंच कापतात. कार्डावर ‘उसनं म्हणून सांगितलं का?’ असा रकाना वाढवतोय. एकेडचं कार्डही त्यात बसतं.

यावरून बेत बदलला. मिलचं भाषण कोणी कोणी उद्धृत केलं याची यादी करायची होती, ती बाजूला. एकेड उसनं म्हणून सांगतो, तर ते त्याने कुठेतरी ऐकलं असणार, आणि १९०७ला अमेरिकेत जाण्याआधी तो लिव्हरपूलला धर्मोपदेशक होता. तेव्हा पुस्तकं सोडून तिथल्या वर्तमानपत्रांतले प्रवचनांचे आणि दारूबंदी सभांचे वृत्तांत, १८९० ते १९०७. बर्क आणि मिल ही नावं पहिल्या फेरीत मुद्दाम वगळायची. निनावी वाक्य नावासकट शोधलं की हाती फक्त नंतरचं लागतं. ब्रिटिश वर्तमानपत्रांचं संग्रहालय सशुल्क आहे, पण अंतर ठरवून शोधायची सोय तिथे कुणाला सापडली असेल तर सांगा, नाहीतर तुकडे जोडून बघावे लागतील.