एक नंबर मोठा मागव

"फोटो काढलास ना? मग मागवताना एक नंबर मोठा मागव. या कंपनीचं माप आखूड येतं, उगाच परत करत बसशील."

लक्ष्मी रोडवरच्या चपलांच्या दुकानातले काका एका मुलीला सांगत होते. तिने तीन-चार जोड घालून बघितले, एका बुटाच्या जिभेवरच्या लेबलचा फोटो काढला आणि मोबाइलवर किंमत बघितली. काकांना सगळं कळत होतं. तरी पितळी शूहॉर्न हातात धरून ते खाली बसूनच होते. बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता. ती "थँक्यू काका" म्हणाली आणि गेली.

मला फार वाईट वाटलं. तिचा राग आला असंही नाही. पैसे वाचवायचा हक्क प्रत्येकालाच आहे. चार्जर, डिटर्जंट मीही ऑनलाइनच मागवते.

फ्लिपकार्ट २००७ मध्ये पुस्तकं विकत सुरू झालं, तेव्हा पायात न घालता चपला कोण घेणार, असंच आम्हाला वाटायचं. आता नाही बसली तर परत, त्यामुळे ती भीती गेली. पण घालून बघायची सोय अजून लागतेच, आणि ती दुकानदार फुकट देतोय. जागेचं भाडं त्याचं, पोऱ्याचा पगार त्याचा, प्रत्येक नंबरचा जोड भरून ठेवण्यात अडकलेले पैसेही त्याचेच.

दुकानात बघून ऑनलाइन मागवत असाल, तर दुकानदाराला आधी भाव कमी करायला विचारता का? की विचारायचाच संकोच वाटतो?