दुष्काळ, तळटिपा आणि उडालेले रफार

पीएच.डी.साठी मी पहिल्यांदा विषय नेला तो 'महाराष्ट्रातील दुष्काळ'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अगं, चौदाव्या शतकाअखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ पर्यंत सगळं तूच लिहिणार का?" तीनदा कात्री लागली आणि उरलं ते १८७६-७८च्या दुष्काळातली नगर जिल्ह्यात दुष्काळग्रस्तांना मजुरी मिळावी म्हणून सरकारनं काढलेली कामं. एवढ्याशा विषयात प्रबंध कसा होणार, या काळजीनं मी आठवडाभर जेवले नाही नीट. मग दौंड-मनमाड रेल्वेच्या कामाचे कागद हाती आले. दुष्काळ पाहायला सरकारनं पाठवलेल्या रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं मजुरी कापून रोजच्या धान्याचा हिशेब एका पौंडावर आणला, लोक कामं सोडून निघून गेले, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हे वाचल्यावर विषय लहान वाटेनासा झाला.

वाचतच राहिले. तीन वर्षं. लिहायला बसलं की प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यावर अडायचं. मॅडम एकदा म्हणाल्या, "चहा पिताना मला मजुरीचं जे सांगतेस ना, तेच लिहून आण." म्हणून माझं तिसरं प्रकरण आधी झालं आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी.

खरी फजिती तळटिपांची. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुरालेखागारात बसून महसूल खात्याचे उतारे मी वहीत घेतले होते, अगदी सुवाच्य अक्षरात. पण वर्ष, खंड क्रमांक, कंपायलेशन क्रमांक? अकरा उताऱ्यांखाली नुसतं 'महसूल, १८७७'. त्या अकरा ओळींसाठी नगरहून मुंबईच्या चार खेपा झाल्या. दोन उतारे सापडलेच नाहीत, ते मी गाळले. त्यातला एक सगळ्यात सुंदर होता. जाऊ दे.

प्रबंध टंकून घेतला होता जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये. वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य आलं शून्य टक्के! यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे मी खूश. ग्रंथपालांनी हसून सांगितलं, "मॅडम, यंत्राला तुमचं मराठी दिसलंच नाहीये. त्याला नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतेय." युनिकोडमध्ये रूपांतर केलं तर 'वर्ष'चं 'वषर्', 'स्थिती'ची 'िस्थती'. तीनशे दहा पानं नवऱ्यानं मोठ्यानं वाचली आणि मी दुरुस्त केली. पंधरा रात्री गेल्या. पुन्हा तपासल्यावर साम्य सात टक्के आलं, आणि त्याचा मला शून्यापेक्षा जास्त आनंद झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तळटिपांवरच पाऊण तास घेतला. बांधलेल्या प्रतीत पान २१४वर एक 'दुष्काळी कायर्' राहिलं आहे, ते मात्र त्यांना दिसलं नाही.