वर्षातला बिनमानधनाचा रविवार

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत निधन झाले. त्यांच्या पुण्यतिथीच्या आसपासच्या रविवारी आमच्या गायनवृंदाचा वर्धापनदिन साजरा करायचा, हे गुरुजींनी पहिल्याच बैठकीत ठरवून टाकले होते. भर पावसाळ्यात कार्यक्रम नको, दमट हवेत तानपुरे सुरात राहत नाहीत, असे दरवर्षी कोणीतरी सुचवते आणि दरवर्षी ती सूचना बारगळते. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, अहवालवाचन, पाहुण्यांचा सत्कार हे सारे यथासांग पार पडते. जमाखर्च मीच वाचत असल्यामुळे त्या वेळी किती जण चहाकडे वळतात, हे मला व्यासपीठावरून नीट दिसते.

गुरुजी शाळकरी वयात संगीतकार वसंत देसाईंच्या चालींवर वाढले. 'छोटा जवान' (१९६३) मधले गदिमांचे 'जिंकू किंवा मरू' मैदानावर शेकडो मुलांबरोबर म्हटल्याचे ते अजूनही रंगवून सांगतात. पण सर्वांनी एकच चाल एका आवाजात म्हणायची, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. सलील चौधरींचा बॉम्बे यूथ कॉयर आणि एम. बी. श्रीनिवासन यांचा मद्रास यूथ कॉयर या गायनवृंदांचे दाखले देत ते सांगत की, आपल्या भाषेतले गाणे आपल्या वळणाने, तरीही अनेक आवाजांच्या थरांत बांधता येते. सुरुवातीला अडचण पट्टीची होती. पुरुषांची पट्टी, म्हणजे पेटीवरची 'सा'ची जागा, साधारण काळी एक आणि स्त्रियांची काळी चार, त्यामुळे सर्वांना एकत्र गायला लावले की एक बाजू ताणून ओरडे, नाहीतर दुसरी पुटपुटे. या दोन पट्ट्यांत षड्ज-पंचमाचेच (सा-प) नाते आहे, हे हेरून गुरुजींनी प्रत्येकाला सोयीच्या जागी गाऊ दिले आणि चालीच तशा बांधल्या. भातखंडे स्वरलिपीत एकाखाली एक तीन ओळी लिहिलेले त्यांचे ते कागद मी आजही जपून ठेवले आहेत.

पुढे बाहेरगावची बोलावणी येऊ लागली, आधी प्रवासखर्च आणि मग मानधन मिळू लागले, आवाजाची चाचणी घेऊन प्रवेश देण्याची पद्धत पडली. जुन्यांपैकी काहींनी नाके मुरडली. मानधनाने वृंद सुधारला, हे मात्र मी हिशेब लिहिणारा माणूस ठामपणे सांगेन, कारण तालमींची गैरहजेरी त्यानंतरच थांबली आणि एखाद्याला स्पष्ट नकार देण्याचे धैर्यही त्यानंतरच आले. वर्धापनदिनाला मानधन नसते. पुण्या-मुंबईच्या कार्यक्रमासाठी पहाटे पाचच्या गाडीला न चुकता हजर असणाऱ्या काहींच्या घरी नेमका त्याच रविवारी पाहुणा येतो. नावे घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

आवाज थकला म्हणून ओळीतून बाजूला होणाऱ्या सभासदाला त्या दिवशी चार शब्द बोलायला लावतात, आणि मी खरा थांबलेला असतो तो त्यासाठी. या भाषणांत संगीताविषयी थोर काही नसते. एका वर्षी खर्जातले आमचे अण्णा, एस.टी.तून निवृत्त झालेले, बोलायला उभे राहिले. लांब स्वर धरताना ओळीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आलटून पालटून घेतला, तरच ऐकणाऱ्याला स्वर अखंड वाटतो. अण्णांच्या डावीकडे उभे राहणाऱ्या मास्तरांना दमा होता आणि त्यांचा श्वास कुठे तुटेल याचा नेम नसे. "मास्तर, तुमचा खांदा हलला की मी माझा श्वास लांबवायचो," एवढेच म्हणून अण्णा खाली बसले. मास्तरांना हे तोवर ठाऊकच नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी निरोप घेताना काकूंनी आम्हा सर्वांना शेवटचे झापून घेतले होते: "'दिवस' हा शब्द तीस जणांनी तीस वेळा संपवला तर फोडणी पडल्यासारखा आवाज येतो, हाताकडे बघा आणि 'स' एकदाच म्हणा." त्यानंतर वाद्यांशिवाय गायलेल्या गाण्यात तो 'स' खरोखरच एकदा आला, आणि काकूंनी पहिल्या रांगेतून मान डोलावली.

ऋणनिर्देश अहवालात दोन ओळींत उरकला जातो, म्हणून येथे सविस्तर करतो. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये घडवणाऱ्या घरांपैकी एक घर आम्हाला दरवर्षी विनामूल्य तानपुरे देते आणि तारांचा झंकार खुलवणारी जवारी लावायला घरचा माणूसही पाठवते. सभागृहाचे रखवालदार मामा, माइक मोजकेच लावा हे मुकाट्याने ऐकणारे ध्वनिव्यवस्थेचे भाऊ, सतरंज्या झटकणारी वसतिगृहाची मुले, तालमीसाठी इतकी वर्षे माडी मोकळी ठेवणाऱ्या वहिनी, वीज गेली की कंदील घेऊन येणारे समोरचे किराणावाले, आणि गेल्या अहवालात अनवधानाने राहून गेलेले उपमा-चहाचे आचारी, या सर्वांचे वृंदावर ऋण आहे.

येत्या ऑगस्टपासून हजेरीवही दारापाशी न ठेवता व्यासपीठावर ठेवण्याचा ठराव कार्यकारिणीने एकमताने संमत केला आहे, आणि सही शेवटच्या गाण्यानंतरच घेतली जाईल.