पाण्याचे वजन

आज कॅराव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घरात, सामान भरताना मुलीने विचारले, "बाबा, पाण्याची टाकी भरूनच का निघायचे नाही?" 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन, हे उत्तर तिला पटले, माझ्या मनात मात्र तो प्रश्न दिवसभर घोळत राहिला.

अवजारे, डबाबंद अन्न अशा जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळच ठेवाव्या लागतात, कारण मागच्या टोकाला भार वाढला की गाडीशी असलेल्या जोडणीवरचा दाब कमी होतो आणि वेगात असताना कॅराव्हॅन डोलू लागते. तो डोल आवरणे फार कठीण असते. म्हणून वरच्या कपाटांत मी फक्त कपडे ठेवतो.

तरीही, लांबच्या प्रवासाला निघताना "असू दे, लागेल" म्हणत आपण जे उचलतो, त्यातले खरोखर किती लागते?