बाहेरच्या परीक्षकांकडून अ‍ॅपची चाचणी करून घेताना

खर्चाच्या नोंदी ठेवणारे आमचे अँड्रॉइड अ‍ॅप तयार झाले, तेव्हा ते बाहेरच्या लोकांकडून तपासून घेणे आमच्या मर्जीवर नव्हते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना गूगल प्लेवर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ‘क्लोज्ड टेस्टिंग’, म्हणजे फक्त निवडक लोकांना अ‍ॅप देऊन केलेली चाचणी, पूर्ण करावे लागते. त्यासाठी सुरुवातीला किमान २० परीक्षकांची अट होती. डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आली, मात्र त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी असले पाहिजे, हा भाग कायम राहिला.

नियमापुरती माणसे जमतात; त्यांच्याकडून उपयोगी माहिती मिळवणे कठीण. मत विचारले की ओळखीचे लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि तिथेच विषय संपतो. म्हणून आम्ही मत विचारणे सोडून काम नेमून दिले: कालची खरेदी नोंदवा, मग महिन्याची बेरीज शोधा आणि हे करताना मनात येईल ते मोठ्याने बोला. पाच वापरकर्त्यांच्या चाचणीतून वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडले होते. त्या आधारावर आम्ही मोजक्याच जणांच्या शेजारी बसलो. समोरचा चुकीच्या जागी बोट ठेवत असताना गप्प राहणे मात्र मला फारच जड गेले.

सर्वांत मोलाचा दोष एका परीक्षकाच्या फोनमुळे सापडला. त्याच्या फोनची भाषा मराठी असल्याने अ‍ॅप रक्कम देवनागरी अंकांत लिहून साठवत होते आणि पुढच्या वेळी तेच अंक वाचताना बंद पडत होते, कारण दशांश संख्या वाचणाऱ्या फंक्शनला फक्त इंग्रजी अंक समजतात. आमचे सगळे फोन इंग्रजीत असल्यामुळे हे आम्हाला दिसणे शक्यच नव्हते. दुसऱ्या एकीने अक्षरे मोठी करून ठेवली होती, त्यामुळे ‘जतन करा’ हे बटण पडद्याच्या खाली गेले होते आणि नोंद अर्धवट सोडण्यावाचून तिला पर्याय उरला नव्हता.

चाचणीनंतर अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्यासाठी गूगलकडे करायच्या अर्जात परीक्षक कसे मिळवले, त्यांनी काय सांगितले आणि त्यानुसार काय बदलले, असे प्रश्न होते. प्रत्येक तक्रारीसोबत फोनचे मॉडेल, भाषा आणि अँड्रॉइडची आवृत्ती आम्ही टिपून ठेवली असल्याने उत्तरे रचावी लागली नाहीत, नुसती उतरवून काढली.