आधी डोंगराकडून, मग दर्याकडून: 'निसर्ग' वादळातला माझा अनुभव

'निसर्ग' चक्रीवादळ दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागणार होतं, आणि 2 जून 2020ला सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, अलिबाग. टीव्हीवर तेच, फोनवर तेच. त्यामुळे आमच्या श्रीवर्धनात लोकांना जरा हायसं वाटत होतं. वादळ वरच्या अंगाला जाणार, आपल्याकडे पाऊस आणि थोडाफार वारा, असा सूर होता. हवामान खात्याच्या पत्रकात मात्र 'हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान, अलिबागजवळ' असं होतं. हरिहरेश्वर आमच्या दक्षिणेला, म्हणजे आम्ही सरळसरळ त्या पट्ट्यात होतो.

मला हवामानाचा नाद शाळेपासून आहे. घरात ॲनेरॉइड बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब दाखवणारं काट्याचं यंत्र आहे, वहीत हवेचा दाब, वारा, पाऊस लिहून ठेवतो. 2009च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हापासून वाऱ्याची दिशा तर न चुकता लिहितो. बातमीत वेग सांगतात, वादळ किनाऱ्याला कुठे लागणार ते सांगतात. घर सांभाळायचं तर वारा आधी कुठल्या अंगाने येणार आणि मग कुठे फिरणार, हे कळायला हवं.

आपल्याकडच्या चक्रीवादळात वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. निसर्ग आधी उत्तरेला, मग ईशान्येला वळून किनाऱ्याकडे येत होतं. अशा वादळाच्या उजव्या हाताला वाऱ्याचं फिरणं आणि वादळाची स्वतःची चाल एकाच दिशेला पडतात, म्हणून तिथे मारा जास्त. वादळ अगदी अलिबागला लागलं असतं तरी आम्ही उजव्याच हाताला होतो. वादळ नैऋत्येला असेपर्यंत वारा पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून, म्हणजे डोंगराच्या बाजूने येणार. मध्य आमच्या उत्तरेने पुढे सरकला की तो दक्षिणेवरून फिरून नैऋत्येचा होणार, थेट समुद्राकडून.

शेजारच्या काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "अरे, वादळ दर्यात आणि वारा डोंगराकडून कसा येईल?" मी म्हटलं, "काका, सकाळी बघालच तुम्ही. मागच्या दारी वारा लागला की माणसं पुढच्या, दर्याकडच्या पडवीत येऊन बसतात. तुम्ही बसू नका. दुपारी तीच बाजू फुटेल." त्यांनी माझं ऐकलं, याचं मला आजही फार समाधान आहे. आमच्या घरामागे स्लॅबची एक खोली आहे. काका-काकू आणि समोरच्या कौलारू घरातली माणसं तिथे आणायची असं रात्रीच ठरलं. कोरोनाचे दिवस होते, मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात होते, एका खोलीत एवढी माणसं कशी घ्यायची हा प्रश्न होताच. तोंडाला मास्क बांधून बसायचं, बाहेर कोणाला ठेवायचं नाही, असं आईने सांगितलं आणि विषय संपला.

पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे बऱ्याच होड्या आधीच वर घेतल्या होत्या. उरलेल्या जीवना बंदरात कोळ्यांनी रात्री ओढून बांधल्या. आम्ही पिंपं, हंडे, कळश्या भरल्या, कारण वीज गेली की विहिरीचा पंप बंद.

3 तारखेच्या सकाळी मी बॅरोमीटरपासून हललो नाही. आपल्या भागात हवेचा दाब रोज एक लय पाळतो. सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो. फरक दोन-चार मिलिबारचाच, पण वर्षानुवर्षं काटा बघणाऱ्याच्या तो अंगवळणी पडतो. त्या दिवशी सकाळचा चढ आलाच नाही. आठ वाजता काटा खाली, नऊला आणखी खाली, दहाला त्याहून खाली. मी आईला म्हटलं, "आता सगळ्यांना बोलाव."

वारा खरोखरच डोंगराकडून सुरू झाला. आधी माडांच्या झावळ्या समुद्राच्या दिशेला ताणल्या गेल्या, मग वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, वाकू लागल्या. पोफळ बारीक आणि उंच, वाकते आणि पुन्हा उभी राहते. साडेअकरानंतर ती उभी राहीना. फोन गेला, वीज तर आधीच गेली होती. त्यानंतर आमच्याकडे बाहेरची एकही बातमी नव्हती, होता तो काटा आणि खिडकीच्या फटीतून दिसणारी झाडं.

दुपारी काटा 990 मिलिबारच्या खाली गेला. मग झाडांची माथी फिरायला लागली. आधी वायव्येकडे झुकलेली, मग उत्तरेकडे, मग ईशान्येकडे. वारा दर्याकडून आला होता. आवाज वेगळाच झाला, खोल, सलग, मध्ये उसंत नसलेला. काकांच्या पडवीवरचे पत्रे एकदम उचलले गेले, मागोमाग वासे आणि कौलं. सकाळभर ती पडवी आडोशाची होती. काका माझ्या शेजारी बसून हे बघत होते. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

वादळ दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ताशी 110 ते 120 किलोमीटर वाऱ्यानिशी, झोत 130चे. हे आकडे मला नंतर कळले. एक गोष्ट मात्र आदल्या दिवशीच मनात होती. दोन दिवसांवर वटपौर्णिमा, म्हणजे भरती मोठी. पण ती सकाळी दहाच्या सुमारास येऊन जाणार होती, आणि वादळ आलं ते ओहोटीत. वाऱ्याने फुगवलेलं पाणी आणि ती भरती एका वेळी आली असती तर किनाऱ्यालगतच्या आळ्यांचं काय झालं असतं, ते मला मनात आणवत नाही.

संध्याकाळी बाहेर आलो. रस्ता दिसत नव्हता. कोयते, कुऱ्हाडी, करवती घेऊन गल्लीतली माणसं कामाला लागली, कोणी कोणाची वाट बघितली नाही. वीज नियमित व्हायला कित्येक आठवडे लागले, तोवर विहिरीतून रहाटाने पाणी ओढलं. श्रीवर्धनी रोठ्याचं नाव देशभर आहे. त्या सुपारीच्या बागा आजोबा-पणजोबांनी लावलेल्या, एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या बाबांनी वाडीत पाऊल टाकलं आणि ते तसेच परत फिरले.

पडलेली झाडं उचलायच्या आधी मी वाडीचा नकाशा काढला. कुठलं झाड कुठल्या दिशेला पडलं, मुळासकट की मध्येच मोडून, सगळं लिहिलं. वायव्येला पडलेली थोडी, ईशान्येला पडलेली कितीतरी जास्त. नवी लागवड त्या नकाशावरून केली. नैऋत्येच्या कडेला सुरूऐवजी उंडीच्या झाडांची रांग लावली, कारण किनाऱ्यावरचं सुरूचं बन मुळासकट उलटलेलं आम्ही बघितलं होतं. सुपारीच्या रोपांना सावली लागते आणि सावलीचे माड तर गेले होते, म्हणून आधी केळी लावल्या, त्यांच्या आडोशाला रोपं. 2021च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ समुद्रातूनच उत्तरेकडे, गुजरातेत उनापर्यंत गेलं. तेव्हा वाराही तसाच आग्नेयेकडून दक्षिणेवर आणि पुढे नैऋत्येला फिरला. काकांनी आदल्या संध्याकाळी स्वतःहून विचारलं, "उद्या कुठल्या बाजूचं दार बंद करायचं, सांग."