आठ वाजता गाडी उभी

युरोपच्या सहलीत बसवर सत्ता कोणाची, तर टॅकोग्राफची, म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदवणाऱ्या यंत्राची. टूर मॅनेजरची, म्हणजे माझी, नाही; ड्रायव्हरची तर नाहीच. सकाळी ड्रायव्हरने त्या यंत्रात स्वतःचं कार्ड सरकवलं की त्याचा दिवस मोजायला सुरुवात. दिवसाला ९ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदा फार तर १०. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती. आणि सगळ्यात जास्त भांडणं लावणारा नियम म्हणजे कार्ड घातल्यापासूनच्या २४ तासांत सलग ११ तास आराम. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीन वेळा तो ९ तासांवर आणता येतो. त्या तिन्ही वेळा आम्ही पॅरिस आणि स्वित्झर्लंडमध्ये खर्च केल्या होत्या. २०२४मध्ये पर्यटक बसना मिळालेली तासाभराची सवलतही वापरून झाली होती. म्हणजे सकाळी सातला कार्ड, तर रात्री आठला गाडी उभी. आठ वाजून पाच मिनिटांनी नाही.

हे मी पहिल्याच दिवशी विमानतळावर सांगते. सगळे माना डोलावतात आणि कोणीही ऐकलेलं नसतं.

तो दिवस स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन ते जर्मनीतलं हायडेलबर्ग असा होता. कार्यक्रमपत्रिकेत त्याला एकच ओळ: ‘निसर्गरम्य सरोवरांच्या काठाने ऐतिहासिक विद्यापीठनगरीकडे प्रयाण’. ऑफिसात बसून या ओळी लिहिणारी मंडळी मोबाइलवरच्या नकाशात कारचे तास बघतात. बसला त्याहून वेळ लागतो, ३८ माणसं हॉटेलाच्या लॉबीतून बसमध्ये चढायला वीस मिनिटं लागतात आणि महामार्गावरच्या स्वच्छतागृहात एक युरो टाकल्याशिवाय फिरतं दार फिरत नाही, यातलं काहीच त्या नकाशात नसतं. रांगेत निम्म्या लोकांकडे सुटी नाणी नसतात. मी कमरेच्या पाउचमध्ये एक युरोच्या नाण्यांची चळत घेऊन हिंडते आणि त्या बदल्यात मिळणारी कुपनं गोळा करत बसते.

तळ्यांचा पहिला दीड तास मात्र माझ्या आवडीचा. आधी ब्रिएन्झचं तळं. आरे नदी हिमनद्यांनी दळलेलं खडकाचं पीठ घेऊन येते, ते पाण्यात तरंगत राहतं, म्हणून त्याचा रंग तसा दुधाळ हिरवानिळा. मग ब्र्युनिगचा घाट, माथा १,००८ मीटर. पलीकडे उतरताना खाली लुंगर्नचं तळं दिसतं. त्याची गोष्ट मी कधीच गाळत नाही. शेतीला जमीन हवी म्हणून गावकऱ्यांनी बोगदा खणला आणि १८३६ साली तळ्याचं पाणी सोडून दिलं. विसाव्या शतकात विजेसाठी तिथेच पुन्हा पाणी अडवलं. पुढे सार्नेनचं तळं, आणि मग लुझर्नच्या मोठ्या तळ्याचा एक फाटा रस्त्याला येऊन भिडतो. मी माइकवर जीव तोडून सांगत असते. मागच्या सीटांवर सकाळचा ब्रेड-आम्लेट अंगावर आलेला असतो आणि कोणीतरी ‘मॅडम, गाणी लावा ना’ म्हणतं.

त्या दिवशी पहिल्या सीटवर एक काका होते. सीटा आम्ही रोज पुढे-मागे फिरवतो, नाहीतर सहल सीटांच्या भांडणातच संपते. त्यांची पाळी नेमकी त्या दिवशी आली. सत्तरीला टेकलेले, एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त, गाव पुरंदर तालुक्यात वीरजवळ. मुलाने आणि सुनेने दोघांना सहलीला पाठवलं होतं. काकू बहुतेक वेळ झोपायच्या. काका मात्र रस्ता बघायचे, म्हणजे खरोखर रस्ताच बघायचे. आमचा ड्रायव्हर क्रोएशियाचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी ब्रेक न दाबता घाटात गाडी कशी धरून ठेवायची यावर त्यांची हातवाऱ्यांनी चर्चा चाललेली असायची. लुंगर्नची गोष्ट ऐकून काका म्हणाले, “आपल्याकडं धरणात गावं गेली. ह्यांनी तळ्यातनं शेत काढलं.” दीड तासात माझ्या बोलण्यावर आलेली ती एकमेव प्रतिक्रिया.

सहलीच्या सुरुवातीलाच त्यांनी मला विचारलं होतं, “ताई, हायडेलबर्गला किती येळ हाय?” हा प्रश्न कोणी विचारत नाही. लोक टिटलिसच्या बर्फाळ शिखरावर किती वेळ विचारतात, शॉपिंगला किती विचारतात. मी म्हटलं, दोन-सव्वादोन तास, पण काय बघायचंय तुम्हाला?

“सोन्थायमर साहेबांचं हापिस.”

गुंथर सोन्थायमर हे नाव आपल्याकडे लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांना माहीत आहे. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेत ते शिकवत. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या देवांच्या मागे हा जर्मन माणूस धनगरांच्या वाड्यांवर हिंडला, त्यांच्या ओव्या त्याने ध्वनिमुद्रित केल्या. १९९२ साली ते वारले. मला त्यांचं नाव कॉलेजातल्या एका सरांमुळे माहीत होतं. काकांना ते घरच्या माणसासारखे माहीत होते. “आमच्या वाड्यावर येऊन बसायचं. घोंगड्यावर. रातभर ओव्या चालायच्या, आन् ह्यो बाबा टेप लावून जागा. माझा बाप गायचा. त्याचा आवाज त्या यंत्रात गेलाय बघा.” साल? “भात्तरच्या दुष्काळाच्या आदी. मी गुडघ्याएवढा न्हवतो, पर लई मोठाबी न्हाई.”

मी रात्री फोनवर शोधलं. काकांच्या साहेबांच्या काळात ही संस्था नेकार नदीच्या पलीकडे, नॉयनहायमर फेल्डमध्ये होती. २०१९पासून ती अलीकडच्या काठाला, बेर्गहाइम भागात आहे. बाकीचे लोक किल्ला आणि बाजार बघत असताना काकांना टॅक्सीने दोन्हीकडे फिरवून आणता येईल, असा हिशेब मी केला. साडेतीनला पोहोचायचं, पावणेसहापर्यंत मोकळा वेळ, मग जेवण, साडेसातला गावाबाहेरच्या हॉटेलात. टॅकोग्राफही खूश.

लुझर्नमध्ये एक कुटुंब घड्याळाच्या दुकानात शिरलं आणि ठरल्या वेळेनंतर पस्तीस मिनिटांनी पिशव्या हलवत आलं. त्यांना मी काही बोलले नाही. बोलून उपयोग नसतो आणि नंतर फीडबॅक फॉर्मवर ‘उद्धट’ असा शेरा येतो. पण त्या घड्याळांनी आम्हाला खरं गाठलं ते बाझलच्या सीमेवर. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे पासपोर्टचं सहसा फारसं काही नसतं, पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात ते नाही. एकाच दुकानात ३०० फ्रँकच्या वर खरेदी केली तर कर परत मिळतो, मात्र माल देशाबाहेर जाताना फॉर्मवर कस्टम्सचा शिक्का लागतो. आठवणीने फॉर्म भरून ठेवा म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. कोणाचा पासपोर्ट नंबर भरायचा राहिला, कोणाचं घड्याळ बसच्या पोटातल्या सुटकेसच्या तळाशी. शिक्का मारणारा अधिकारी वस्तू बघायला मागतो. ड्रायव्हरने न बोलता डिकी उघडली, अकरा बॅगा बाहेर काढल्या, पुन्हा आत रचल्या. नियोजनापेक्षा जवळजवळ तास गेला. परत मिळणारे पैसे बहुतेकांचे हजारांत होते, तेव्हा ‘सोडून द्या’ म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता.

त्यानंतर कार्ल्सरूहच्या अलीकडे ए-५ महामार्गावर सुट्टीच्या शनिवारची कोंडी. तिथे कोणी हॉर्न वाजवत नाही, मधून रुग्णवाहिकेला वाट सोडून सगळे गप्प उभे राहतात. त्या शांततेचा मला आणखीच त्रास होतो.

हायडेलबर्गला पोहोचायला पावणेसहा होणार हे कळल्यावर मी माइक घेतला. किल्ला वर चढून बघता येणार नाही, पंचावन्न मिनिटं मोकळी, वीस कमी सातला जेवणाच्या रेस्टॉरंटच्या दारात, सव्वासात-साडेसातच्या आत बस निघणार. गोंधळ उडाला. “किल्ल्याचे पैसे घेतलेत ना तुम्ही?” “किल्ल्यात दोन लाख वीस हजार लिटरचं ते वाइनचं पिंप आहे म्हणालात, ते?” “नऊला निघू, तासाने काय फरक पडतो?” मग घड्याळवाल्या गृहस्थांनी तोडगा काढला: “त्याच्या हातावर शंभर युरो ठेवा. मी देतो.”

मी समजावलं की पोलीस मागच्या ५६ दिवसांच्या नोंदी मागू शकतात, दंड लागतो, उद्या सकाळी अकरा तासांचा हिशेब जुळला नाही तर गाडी हलणारच नाही. दुसरा पर्यायही मांडला: बस हॉटेलवर जाऊ दे, आपण जेवून निवांत ट्रेनने आणि टॅक्सीने जाऊ. तो तर एकमताने फेटाळला गेला. बसचे पैसे भरलेत, ट्रेनचे नाही.

तेव्हा काका उठून मागे वळले. पुढच्या दांड्याला धरून, कंडक्टर उभा राहतो तसे.

“सातला कार्ड टाकलंय त्यानं. मी बघितलंय. बॅगाबी त्यानंच काढल्या. मी रातराणी चालवलीय तीस वर्सं. तेरा तासांवर माणूस बसला ना, की एका रस्त्याचं दोन रस्तं दिसत्यात. त्याला पैशे देऊन तुमी काय इकत घेणार? आपल्याला सगळ्यांस्नी घरी जायाचंय.”

बस गप्प झाली. माझ्या वीस मिनिटांच्या नियमावलीने जे झालं नव्हतं ते झालं. मला बरं वाटलं आणि लगेच लक्षात आलं की या माणसाने आत्ता स्वतःचेच दोन तास सोडून दिले आहेत. माझ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, “असूं द्या ताई. गाव तर बघाया मिळंल.”

सहलीत ज्याचा आवाज मोठा त्याचं काम होतं, हे माझ्या धंद्यातलं कोणीही शपथेवर सांगेल. काका ओरडले असते तर मी त्यांना शांतपणे नियम दाखवले असते.

नदीकाठी सगळ्यांना उतरवलं. जर्मनीतलं सगळ्यात जुनं विद्यापीठ, १३८६ सालचं. जुना पूल समोर, त्याच्या टोकाला ब्राँझचं माकड. दंगेखोर विद्यार्थ्यांना कोंडायची विद्यापीठाची स्वतःची कोठडी, १९१४पर्यंत वापरात होती. ही सरळ गेलेली मुख्य गल्ली, तिथे दुकानं. एवढं चार मिनिटांत सांगितलं. काकूंना त्यांच्या गटातल्या बायकांबरोबर सोडलं आणि काकांना टॅक्सीत घातलं. मोकळ्या वेळात टूर मॅनेजरने ठरलेल्या जागी हजर असावं असा आमच्याकडे नियम आहे. मी नव्हते.

टॅक्सीत सांगितलं की दोन्हीकडे जाणं जमणार नाही. साहेब बसायचे ती जागा नदीपलीकडे. पुस्तकं, माणसं आता अलीकडे आली आहेत. काकांनी पूल येईपर्यंत विचार केला. “जिकडं पुस्तकं गेली तिकडं चला.”

शनिवारची संध्याकाळ, दार बंद. आवारात सायकलींची रांग आणि शुकशुकाट. पाटीवरचं जर्मन मी वाचून दाखवलं. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. भंडारा होता, जेजुरीचा. “चालंल का?” म्हणाले. घाण करू नका, थुंकू नका हे रोज बजावणारी मी. म्हटलं, चिमूटभर चालेल. त्यांनी दाराच्या चौकटीला बोट लावलं आणि खणखणीत आवाजात ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणाले.

सायकलचं कुलूप काढत असलेली एक मुलगी दचकून थांबली. मी घाईघाईने इंग्रजीत खुलासा केला. ती तिथलीच विद्यार्थिनी निघाली. काका, वाडा, टेप, बापाचा आवाज, हे सगळं मी जमेल तसं सांगितलं. तिने मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही, मी तीनदा बघितलं. ग्रंथालयाला पत्र लिहा म्हणाली: गाणाऱ्याचं नाव, गाव, साल, कोणत्या देवाची ओवी. मग काकांकडे वळून तिने मघाचं पुन्हा म्हणायला सांगितलं. काकांनी म्हटलं. तिने चांगला प्रयत्न केला, ‘येळकोट’चा ळ सोडून.

वीस कमी सातला आम्ही रेस्टॉरंटच्या दारात होतो. सात चोपन्नला गाडी हॉटेलच्या आवारात उभी राहिली. ड्रायव्हरने कार्ड काढलं, काकांना दाखवलं आणि खिशात टाकलं.

परत आल्यावर ऑफिसातून मेल. एका गेस्टची तक्रार: हायडेलबर्गमध्ये स्वच्छतागृह सापडलं नाही आणि टूर मॅनेजर चाळीस मिनिटं जागेवर नव्हत्या. लेखी खुलासा द्या. तक्रार खोटी नाही. माझ्याकडची नाणी त्या वेळी माझ्याबरोबर टॅक्सीत होती. खुलाशाच्या रकान्यात सहा पर्याय आहेत: आजारी प्रवासी, हरवलेला पासपोर्ट, पोलीस वगैरे. त्यातला कोणताही मला निवडता आलेला नाही. पुढच्या हंगामाच्या कच्च्या कार्यक्रमात, मी ऐकते, हायडेलबर्ग काढून वाटेवरचा एक आउटलेट मॉल घातला आहे. लोकांनी फॉर्मवर तेच मागितलं होतं.

ग्रंथालयाला लिहायचं पत्र मी तयार केलंय. गाणाऱ्याचं नाव आहे, गाव आहे, देव म्हस्कोबा. साल रिकामं. काकांना परवा फोन केला तर म्हणाले, थोरली बहीण सासवडला असते, तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट हाय, तिला इचारून सांगतो. तिचं लग्न कधी झालं? “त्येच तर इचारायचंय.”